आगोटीच्या बेगमीपासून कंटेनरपर्यंत: कोकणात राहून खरेदी आणि मालवाहतुकीचा अभ्यास कसा करावा

मे महिना सरत आला की कोकणातल्या घरांत आगोटीची खरेदी सुरू होते. तांदूळ, कडधान्ये, मीठ, मिरच्या, सुकी मासळी आणि चुलीचा लाकूडफाटा यांची बेगमी मृगाआधी व्हावी लागते, कारण एकदा पाऊस लागला की वाट कधी बंद पडेल आणि माल कधी मिळेल याची खात्री उरत नाही. घरात किती माणसे जेवणार, कोणत्या वस्तूला कीड लागते, कोणती टिकते आणि आषाढात बाजार किती दिवस तुटू शकतो, हा सगळा हिशेब ती बेगमी करणारी गृहिणी मनाशी करत असते. पुरवठा साखळीतील खरेदी आणि मालवाहतूक यांचा अभ्यास करणे म्हणजे हाच हिशेब कागदावर, आकड्यांत आणि करारांत मांडायला शिकणे होय.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कारखान्यांच्या खरेदी विभागांत मी बरीच वर्षे काम केले आणि आता या विषयाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. बहुतेक विद्यार्थी व्याख्या पाठ करून किंवा एखाद्या प्रमाणपत्राचे शुल्क भरून सुरुवात करतात. त्यामुळे संज्ञा तोंडात बसतात, परंतु समोर ठेवलेल्या दोन दरपत्रकांपैकी कोणते स्वस्त, एवढा प्रश्नही त्यांना सोडवता येत नाही. म्हणून मी वेगळा क्रम सुचवतो: आधी एक वस्तू, मग तिचे कागद, मग तिचे आकडे आणि सर्वांत शेवटी अभ्यासक्रम. रोज दीड तास देणाऱ्या विद्यार्थ्याला यासाठी साधारण सहा महिने लागतात. शक्य असल्यास फेब्रुवारीत सुरुवात करावी, म्हणजे उन्हाळ्यातील भरगच्च आवक आणि पावसाळ्यातील खोळंबा या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासात डोळ्यांनी पाहता येतात.

पहिली पायरी: एक वस्तू निवडून तिच्यामागे चालणे

पहिल्या अभ्यासासाठी हापूस आंबा निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण मी तो टाळायला सांगतो. आंब्याची साखळी फार थोड्या दिवसांची असते. पेटी भरली की ती रात्रीच्या गाडीने वाशीच्या बाजारात पोचवायची असते आणि साठवणुकीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. मासळीचे तर सगळे गणित बर्फ आणि तास यांच्यावरच चालते. या दोन्ही साखळ्या शिकण्यासारख्या आहेत, परंतु त्यांत साठ्याचे शास्त्र दिसत नाही आणि खरेदीच्या अभ्यासाचा निम्मा भाग साठ्याचाच आहे.

काजू बी त्या दृष्टीने उत्तम. तिचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे एवढाच असतो, पण प्रक्रिया कारखाना बारा महिने चालवायचा असतो. स्थानिक बी कमी पडली की आफ्रिकेतून आयात झालेली बी घ्यावी लागते. तयार काजूगराची प्रतवारी आकड्यांत होते आणि माल देशात विकला जातो तसा परदेशीही जातो. म्हणजे हंगामी खरेदी, आयात, प्रक्रिया, साठवण, आवेष्टन आणि निर्यात असे विषयाचे सगळे अवयव या एका वस्तूत आहेत, आणि ती वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी, लांजा किंवा राजापूर परिसरातील विद्यार्थ्याला घरापासून जवळ पाहता येते.

एखाद्या कारखानदाराची परवानगी घेऊन बागेपासून गोदामापर्यंत आणि गोदामापासून तयार डब्यापर्यंत मालाच्या बरोबर जावे. वहीत प्रत्येक थांब्यावर सहा गोष्टी लिहाव्यात: माल किती वाजता पोचला, किती वेळ थांबला, त्या वेळी मालकी कोणाची होती, खर्च कोणी केला, वजन किती भरले आणि कोणता कागद तयार झाला. वजन दर थांब्यावर लिहिणे आवश्यक आहे, कारण ओली बी वाळत जाते आणि ही घट कोणाच्या खिशातून जाते हे त्या नोंदीखेरीज कळत नाही. ही वही पूर्ण भरली की प्रवासाचा आणि प्रक्रियेचा वेळ वेगळा काढावा. माल हलतो किंवा त्यावर काम होते त्याच्या कितीतरी पट वेळ तो नुसता पडून असतो, हे पहिल्याच अभ्यासात दिसते. त्या पडून राहण्याचे कारण शोधणे हे पुढच्या साऱ्या अभ्यासाचे काम आहे.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचा शब्दकोश तयार करावा. या विषयातील पुस्तके बहुतेक इंग्रजीत असल्यामुळे अनेक हुशार मुले अकारण मागे राहतात. लीड टाइम म्हणजे मागणी नोंदवल्यापासून वापरण्याजोगा माल हाती पडेपर्यंतचा काळ, सेफ्टी स्टॉक म्हणजे अनिश्चिततेसाठी केलेली बेगमी, असे स्वतःच्या भाषेत नेमके लिहिता आले की संज्ञा समजली असे मानावे.

दुसरी पायरी: कागदांची वाट

खरेदीची पद्धत समजण्यासाठी एका व्यवहाराचे सर्व कागद क्रमाने मांडून पाहावेत. वापर करणाऱ्या विभागाचे मागणीपत्र, पुरवठादारांना पाठवलेली चौकशी, आलेली दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता, खरेदी आदेश, मालाबरोबरचे चलन, तपासणीचा अहवाल, आवक नोंद आणि बिल असा तो क्रम असतो. कारखान्याने जुने कागद दाखवले नाहीत तर स्वतः नमुने तयार करावेत.

यांतील खरेदी आदेश, आवक नोंद आणि बिल या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज पैसे द्यायचे नाहीत, हा या व्यवसायातील मूळ नियम आहे. आदेशात १,००० डबे, आवक नोंदीत ९६० आणि बिलात १,००० असतील, तर ४० डब्यांचे काय झाले हे ठरल्यावरच बिल पुढे सरकते. खरेदी आदेशात केवळ भाव आणि संख्या लिहून भागत नाही. माल कोणाच्या दारात द्यायचा, भाडे आणि उतराई कोणाची, नाकारलेला माल कोणी परत न्यायचा आणि उशीर झाल्यास काय, हे लिहिलेले नसेल तर वाद झाल्यावर आदेशाचा काही उपयोग होत नाही.

पैसे देण्याची मुदतही अभ्यासाचा भाग आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. कोकणातील डबे, खोकी आणि सुटे भाग बनवणारे बहुतेक पुरवठादार याच वर्गात मोडतात, आणि पैसे वेळेवर देणाऱ्याचा माल अडचणीच्या दिवसांत आधी सुटतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

तिसरी पायरी: भाव आणि खरी किंमत यांतील फरक

काजूच्या खरेदीत भाव बीच्या किलोवर ठरतो, पण कारखान्याला हवा असतो गर. म्हणून उतारा, म्हणजे एक किलो बीमधून किती गर निघतो, हे मोजल्याशिवाय दोन भावांची तुलना करता येत नाही. समजा, एका विक्रेत्याचा भाव किलोला ११० रुपये आणि उतारा २४ टक्के आहे. दुसऱ्याचा भाव ११८ रुपये आणि उतारा २७ टक्के आहे. पहिल्याकडून घेतलेल्या बीमधील गर किलोला सुमारे ४५८ रुपयांना पडतो, तर दुसऱ्याकडचा ४३७ रुपयांना. भावात महाग दिसणारा माल प्रत्यक्षात स्वस्त ठरतो.

आता ओलावा विचारात घ्यावा. हा उतारा वाळलेल्या बीवर मोजलेला असून पहिल्या विक्रेत्याच्या बीत १२ टक्के ओलावा आहे आणि साठवणुकीसाठी ती ९ टक्क्यांपर्यंत वाळवावी लागणार आहे, असे धरू. १०० किलोमध्ये कोरडा भाग ८८ किलो. तो ९१ टक्के होईल एवढे वाळवले की वजन ९६.७ किलो उरते. म्हणजे ११० रुपयांचा भाव खरे तर ११३.७५ रुपये झाला आणि गर किलोला ४७४ रुपयांवर गेला. दुसरा माल आधीच ९ टक्क्यांवर असेल, तर दोहोंतील फरक ३७ रुपये होतो. हे गणित विद्यार्थ्याने एकदा स्वतः नमुना फोडून करावे: थैलीच्या तोंडाशी, मध्ये आणि तळाशी असा अनेक थैल्यांतून माल घ्यावा, एकत्र करून एक किलो वेगळा काढावा, बिया मोजाव्यात, कापाव्यात, आणि चांगला, डागी व पोचट गर वेगवेगळा तोलावा.

आयात केलेल्या बीचा उतारा टक्क्यांत न सांगता ८० किलोच्या थैलीमागे किती पाउंड गर, असा सांगतात. २७ टक्के म्हणजे २१.६ किलो, म्हणजे सुमारे ४७.६ पाउंड. तयार गराची प्रतही पाउंडावर चालते. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पाउंडात साधारण ३२० अख्खे गर आणि डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून बरेच मोठे दाणे. एककांची ही रूपांतरे कागदाविना करता आली पाहिजेत, कारण फोनवर सौदा ठरताना तेवढाच वेळ मिळतो.

चौथी पायरी: किती घ्यायचे आणि कधी सांगायचे

हा भाग मी सर्वांत सावकाश शिकवतो. किती घ्यायचे याचे जुने सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले. दर वेळी मागणी नोंदवण्याचा खर्च एका बाजूला आणि माल साठवून ठेवण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला ठेवून दोहोंची बेरीज सर्वांत कमी कोठे होते, हे ते सांगते. वार्षिक गरजेची दुप्पट घ्यावी, तिला एका मागणीच्या खर्चाने गुणावे, एका नगाच्या वार्षिक साठवण खर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे.

समजा, कारखान्याला वर्षाला ६,००० पत्र्याचे डबे लागतात, एका मागणीचा खर्च १,५०० रुपये आहे आणि एक डबा वर्षभर ठेवण्याचा खर्च २० रुपये आहे. उत्तर येते सुमारे ९५० डबे, आणि दोन्ही खर्चांची बेरीज होते १८,९७४ रुपये. विद्यार्थी येथे थांबतात, पण खरा धडा पुढे आहे. टेम्पोत ८०० डबेच मावत असतील तर बेरीज १९,२५० रुपये होते. १,२०० घेतले तर १९,५०० रुपये. म्हणजे उत्तरापासून बरेच दूर गेले तरी खर्च दोन-तीन टक्केच वाढतो. म्हणून ९५० या आकड्याला चिकटून न राहता गाडीत मावणारी संख्या घ्यावी. मात्र १,६०० घेतल्यास तोच खर्च २१,६२५ रुपयांवर जातो, हेही ध्यानात ठेवावे.

कधी सांगायचे हा प्रश्न याहून कठीण आहे, आणि कोकणात राहणाऱ्याला तो इतरांपेक्षा चांगला समजला पाहिजे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जुलै महिन्यात घाट बंद पडला आणि डब्यांची गाडी पाच दिवस पलीकडे अडकली. सोललेला, प्रतवारी केलेला गर तयार होता, पण भरायला डबे नव्हते. दमट हवेत तो मऊ पडला आणि पुन्हा भट्टीत वाळवावा लागला. त्यात दाणे तुटले आणि प्रत घसरली. मागणीची तारीख मीच काढली होती, आणि ती उन्हाळ्यातील सरासरी पुरवठा-काळावर, म्हणजे लीड टाइमवर, काढली होती.

ती चूक आकड्यांत अशी दिसते. रोज सरासरी २० डबे लागतात आणि त्यात ५ डब्यांचे प्रमाण विचलन आहे, म्हणजे रोजचा आकडा सरासरीपासून साधारण तेवढा खाली-वर होतो. उन्हाळ्यात माल सरासरी ६ दिवसांत येतो आणि त्यात एका दिवसाचे विचलन असते. पावसाळ्यात सरासरी ८ दिवसांवर आणि विचलन ३ दिवसांवर जाते. बेगमी काढण्यासाठी दोन गुणाकारांची बेरीज करावी: पुरवठा-काळ गुणिले रोजच्या वापराच्या विचलनाचा वर्ग, अधिक रोजच्या वापराचा वर्ग गुणिले पुरवठा-काळाच्या विचलनाचा वर्ग. तिचे वर्गमूळ काढून १.६५ ने गुणले की शंभरांतील ९५ वेळा माल न तुटण्याइतका राखीव साठा मिळतो.

उन्हाळ्यासाठी ही बेरीज १५० अधिक ४००, म्हणजे ५५०, वर्गमूळ २३.५ आणि बेगमी ३९ डबे. फेरमागणीची पातळी, म्हणजे साठा जितका उतरला की पुन्हा मागणी नोंदवायची तो आकडा, सहा दिवसांच्या वापराचे १२० अधिक ३९, म्हणजे १५९. पावसाळ्यासाठी २०० अधिक ३,६००, म्हणजे ३,८००, वर्गमूळ ६१.६ आणि बेगमी १०२ डबे. फेरमागणीची पातळी २६२. आता एक प्रयोग करावा. पावसाळ्यात सरासरी ८ दिवस झाली, पण विचलन एका दिवसाचेच राहिले असे धरले, तर बेगमी ४० डबेच निघते. म्हणजे ४० वरून १०२ वर नेणारी गोष्ट उशीर नसून उशिराचा भरवसा नसणे ही आहे. दर वेळी आठच दिवसांनी येणारी गाडी फारसा खर्च वाढवत नाही. कधी पाच आणि कधी तेरा दिवसांनी येणारी गाडी वाढवते. पुरवठादाराशी बोलताना म्हणूनच दोन दिवस लवकर माल मागण्यापेक्षा ठरल्या दिवशी माल मागणे अधिक फायद्याचे असते.

या आकडेमोडीसाठी खरी नोंद लागते. मागील दोन वर्षांच्या आवक नोंदींतून प्रत्येक मागणीचा पुरवठा-काळ काढावा आणि जून ते सप्टेंबर व उर्वरित वर्ष असे दोन गट वेगळे करावेत. वर्षाची एकच सरासरी काढली की पावसाळा तिच्यात बुडून जातो. साठा कोठे ठेवायचा याचाही विचार याच वेळी करावा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा वेळी तळमजल्यावरील गोदामात केलेली बेगमी स्वतःच हानीचे कारण ठरते.

हंगामात घेऊन ठेवायचे की पुढे घ्यायचे, हा काजूचा खास प्रश्न याला जोडून सोडवावा. एप्रिलमध्ये १२० रुपयांनी घेतलेली बी डिसेंबरपर्यंत ठेवली आणि व्याज वर्षाला १२ टक्के असेल, तर आठ महिन्यांचे ९.६० रुपये झाले. गोदाम आणि कीडनियंत्रण यांचे किलोला २ रुपये धरले तर १३१.६० रुपये, आणि वजनात २ टक्के घट धरली तर सुमारे १३४ रुपये ३० पैसे. डिसेंबरात तितक्याच उताऱ्याची आयात बी याहून कमी भावाने गोदामात पडणार असेल, तर साठवणे तोट्याचे आहे. अर्थात तो भाव एप्रिलमध्ये कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून अनुभवी कारखानदार सगळी गरज एका बाजूने भागवत नाहीत. काही भाग हंगामात घेतात आणि काही पुढे ठेवतात. हा वाटा किती असावा यावर विद्यार्थ्याने स्वतःचे मत कारणांसह लिहावे.

पाचवी पायरी: पुरवठादार आणि साखळीतील लोक

पीटर क्राल्जिक यांनी १९८३ साली मांडलेला चौकटीचा तक्ता येथे उपयोगी पडतो. वस्तू मिळण्यातील धोका आणि तिचा नफ्यावरील परिणाम या दोन मापांवर प्रत्येक वस्तू चार खणांपैकी एकात बसते. काजू बी दोन्ही मापांवर वर असते. हातमोजे दोन्हींवर खाली. यंत्राचे एखादे पाते किमतीने क्षुल्लक असले तरी एकाच ठिकाणी मिळत असेल तर काम अडवते. पुस्तकांत हा तक्ता स्थिर दाखवतात, परंतु कोकणात वस्तू ऋतूनुसार खण बदलते: जानेवारीत कोणाकडूनही मिळणारे डबे जुलैत अडवणाऱ्या वस्तूंच्या खणात जातात. म्हणून तक्ता वर्षातून दोनदा मांडावा.

साखळीतील लोक एकमेकांना माहिती देत नाहीत तेव्हा काय घडते, हे कळण्यासाठी अमेरिकेतील एमआयटीमध्ये तयार झालेला बिअर गेम खेळावा. चार जण दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना होतात; चिंचोके हा माल मानावा. प्रत्येकाने वरच्याला केवळ चिठ्ठीने मागणी कळवायची, बोलायचे नाही, आणि माल दोन फेऱ्यांनी पोचतो. गिऱ्हाइकाची मागणी पहिल्या चार फेऱ्यांत ४ आणि नंतर कायम ८ ठेवावी. एवढ्याच बदलाने कारखान्यापर्यंत पोचणारी मागणी कशी फुगते आणि नंतर कशी कोसळते, हे तीस-पस्तीस फेऱ्यांत दिसते. गणपतीच्या आधी आपल्या बाजारात गूळ आणि नारळ यांच्या मागणीचे असेच होते. ज्याला चार पोती हवीत तो तुटवड्याच्या भीतीने आठ सांगतो, आणि चतुर्थी उलटली की घाऊक व्यापाऱ्याकडे माल पडून राहतो.

सहावी पायरी: माल हलवणे

वाहतुकीचा पहिला प्रश्न गाडी वजनाने भरते की जागेने, हा आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. काजूगराची २२.६८ किलोची ७०० खोकी त्यात भरतात, म्हणजे १५,८७६ किलो. कंटेनर याहून बरेच अधिक वजन पेलू शकतो, पण जागा आधी संपते. चिऱ्याच्या ट्रकचे उलटे असते. जागा उरते आणि वजनाची मर्यादा आधी गाठली जाते. भाडे ठरवताना आणि खोक्याचा आकार ठरवताना हा फरक पैशांत उतरतो.

दुसरा प्रश्न परतीच्या भाड्याचा. आंबा घाट, कुंभार्ली किंवा आंबोली उतरून आलेल्या गाडीला परत जाताना माल मिळाला तर भाडे कमी लागते. आपल्या मालाच्या दिशेने रिकाम्या जाणाऱ्या गाड्या कोणत्या दिवशी असतात, हे नाक्यावरच्या वाहतूकदारांशी बोलून कळते. रेल्वेचा विचार करताना कोकण रेल्वेची रो-रो सेवा अवश्य पाहावी. पूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाल्यावर १९९९ पासून कोलाडहून भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून दक्षिणेकडे नेले जातात. इंधन, टायर आणि चालकाचे श्रम वाचतात. मात्र गाडीच्या वेळेला ट्रक बांधला जातो.

निर्यातीचा माल बहुधा न्हावा-शेव्याला जातो. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर कोकण विभागातच, रायगड जिल्ह्यात आहे. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला सर्वसाधारणपणे ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालील मालवाहतुकीचा इलेक्ट्रॉनिक दाखला, लागते आणि साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. म्हणजे कुडाळहून साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासाला तीन दिवस मिळतात, आणि घाटात किंवा महामार्गावर खोळंबा झाल्यास मुदत वाढवून घ्यावी लागते.

विक्रेत्याची जबाबदारी कोठे संपते हे इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमावलीतील अकरा अटी सांगतात. त्यांपैकी सात कोणत्याही वाहतुकीसाठी आणि चार केवळ जलवाहतुकीसाठी आहेत. आपल्याकडे कंटेनरच्या मालालाही सवयीने एफओबी (फ्री ऑन बोर्ड) लिहितात. त्या अटीत माल जहाजावर चढेपर्यंत धोका विक्रेत्याचा राहतो, पण कंटेनर तर त्याआधीच बंदराच्या आवारात सोपवलेला असतो आणि त्यावर विक्रेत्याचा ताबा नसतो. अशा मालासाठी एफसीए (फ्री कॅरियर) ही अट योग्य आहे, कारण ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या हाती माल दिला की धोका हस्तांतरित होतो. विद्यार्थ्याने अकरा अटी पाठ करू नयेत. आपल्या काजूच्या प्रवासाचा नकाशा काढून एफसीए, एफओबी आणि सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडे) या तिन्हींत खर्च व धोका कोठे बदलतो एवढ्या रेघा त्यावर माराव्यात.

सातवी पायरी: अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे

एवढे झाल्यावर अभ्यासक्रमाकडे वळावे. खर्च न करता सुरुवात करायची असेल तर एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत मिळतात आणि परीक्षा हवी असेल तरच शुल्क भरावे लागते. गणिताची तयारी चांगली असलेल्याने एमआयटीच्या पाच भागांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातील पहिला, विश्लेषणाचा भाग पाहावा. तो कठीण आहे, परंतु चौथ्या पायरीतील आकडेमोडीचा संख्याशास्त्रीय पाया तेथे शिकवला जातो. भारतातील नोकरीसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटच्या पदविका कारखान्यांत ओळखीच्या आहेत. पूर्ण वेळ पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईतील पूर्वीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई, या क्षेत्रात जुनी आणि मान्यवर आहे.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांपैकी सीपीआयएम साठा आणि उत्पादन नियोजनासाठी, सीएससीपी संपूर्ण साखळीसाठी आणि सीआयपीएस या संस्थेचे प्रमाणपत्र खरेदीसाठी आहे. ही महाग आहेत, म्हणून नोकरी लागल्यावर, शक्य तर मालकाच्या सहाय्याने करावीत. सॅपसारख्या संगणक प्रणालीचे शिक्षण घेण्यातही घाई नको. मागणीपत्रापासून बिलापर्यंतचे कागद ज्याने हाताने मांडले आहेत, त्याला ते पडदे लवकर समजतात. स्प्रेडशीट मात्र पहिल्या दिवसापासून वापरावे. चौथ्या पायरीतील प्रत्येक आकडा स्वतःच्या सूत्राने काढलेला असावा.

आठवी पायरी: अहवाल आणि पहिले काम

सहा महिन्यांच्या शेवटी दहा-बारा पानांचा अहवाल लिहावा. त्यात मालाच्या प्रवासाचा नकाशा, थांब्यांची नोंद, दोन विक्रेत्यांची गराच्या किमतीवर केलेली तुलना, दोन ऋतूंच्या फेरमागणीच्या पातळ्या आणि वाहतुकीच्या एका बदलाची सूचना असावी. सूचनेसोबत तिचा खर्च लिहावा. कारखान्याने दिलेले भाव आणि नावे त्यांच्या परवानगीशिवाय अहवालात घालू नयेत.

हा अहवाल घेऊन लोटे, मिरजोळे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीसाठी जावे, आणि खरेदी विभाग मागण्याऐवजी आधी तीन महिने भांडार मागावे. तेथे पहिल्या आठवड्यात कोणत्याही वीस वस्तू निवडून फळीवरचा प्रत्यक्ष साठा मोजावा आणि संगणकातील आकड्याशी ताडून पाहावा. जिथे फरक निघेल तिथे शेवटच्या आवक नोंदीपासून मागे जात तो कोठे पडला हे शोधावे, आणि सापडलेले कारण तारखेसह भांडारपालाला लिहून द्यावे.